ब्रिटिश भांडणांची तज्ज्ञ

शब्दकोशाच्या कचेरीत नोकरी करते असं सांगितलं की माणसं दोनपैकी एक प्रश्न विचारायची. "अजून संपले नाहीत का शब्द?" हा पहिला. दुसरा जरा दबक्या आवाजात, "पण मग दिवसभर करता काय तुम्ही?" पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येत असे. दुसऱ्याचं द्यायला कुणी थांबत नसे, म्हणून इथे देते आहे.

ऐंशीच्या दशकात मी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात एका छोट्या प्रकाशनसंस्थेत सहायक संपादक होते. घर शेजारच्या श्रूजबरीत. आमची संस्था तेव्हा ब्रिटनला जाणाऱ्या अमेरिकन माणसांसाठी तिथल्या बोलण्यातल्या इंग्रजीचा कोश तयार करत होती. अमेरिकन माणसाला आपल्याला इंग्रजी येतं असं वाटतं, आणि ब्रिटिश माणसाला त्याला ते येत नाही असं वाटतं. या दोन समजुतींच्या मधल्या जागेत आमचं पुस्तक खपेल असा मालकांचा अंदाज होता. तो चुकला, पण ती गोष्ट पुढची.

प्रमुख संपादक होते मिस्टर हॉलिस. ते एकदा सुट्टीत लंडनला जाऊन आले होते आणि तेव्हापासून ऊन असो वा बर्फ, हातात लांब काळी छत्री घेऊन कामावर येत. बोटाने मिशी नीट करत ते "आम्ही कोशकार" असं म्हणत तेव्हा खोलीत एकूण तीन माणसं असत आणि त्यांतली एक टायपिस्ट असे.

मला ही नोकरी मिळाली याचं कारण माझी पुणे विद्यापीठाची एम.ए. नव्हे. अमेरिकेत येण्याआधी माझे यजमान अविनाश इंग्लंडमध्ये लेस्टरला एका कारखान्यात इंजिनियर होते. तिथे आम्ही ज्या घरात भाड्याने राहायचो त्या घराची शेजारच्या घराशी भिंत सामाईक होती, आणि फार पातळ होती. पलीकडे एक जोडपं राहायचं. विद्यापीठानं मला इंग्रजीची पदवी दिली, इंग्रजी मात्र त्या भिंतीनं शिकवलं. म्हणून हॉलिस साहेबांनी शब्दांची वाटणी केली तेव्हा हवामान, राजघराणं आणि क्लब त्यांच्या स्वतःकडे ठेवून भांडणं माझ्याकडे दिली.

आता काम काय असतं ते सांगते. कोशकार शब्दाचा अर्थ ठरवत नाही. लोक तो शब्द कुणाशी बोलताना, कशासाठी, कोणत्या सुरात वापरतात ते बघायचं, अशी वापरातली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून टेबलावर पसरायची, आणि एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांमधला फरक सापडेपर्यंत तिथून उठायचं नाही. शेवटी व्याख्या लिहायची आणि खाली एक उदाहरणाचं वाक्य. व्याख्या कुणीही लिहील. उदाहरणात माणसाचा कस लागतो.

ब्रिटिश माणूस भांडण हा शब्द फारसा वापरत नाही. आपल्याकडे जशी कुरबूर, धुसफूस, हुज्जत, बाचाबाची, खडाजंगी अशी चढती भाजणी आहे तशी त्याच्याकडेही आहे. 'टिफ' म्हणजे आपली कुरबूर. ती चहा निवायच्या आत मिटते. 'राउ' म्हणजे रीतसर भांडण. 'आर्जी-बार्जी' म्हणजे हुज्जत. ती बहुधा रांगेत, दुकानात किंवा गाडी कुठे लावली यावरून होते, तिच्यात आवाज भरपूर आणि राग बेताचा. 'बार्नी' मोठ्या आवाजात होते, पण लवकर आटपते, आणि मनात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीला ती हसत सांगता येते. 'डिंग-डाँग' म्हणजे खडाजंगी, दोन्ही बाजू तोडीस तोड. 'स्लँगिंग मॅच'मध्ये मुद्दा संपलेला असतो आणि फक्त शिव्या उरलेल्या असतात. 'पंच-अप' म्हणजे हाणामारी, तिथे कोशाचं काम संपतं आणि पोलिसांचं सुरू होतं. शिवाय ब्रिटिश माणूस या सगळ्यांच्या आधी 'थोडीशी' असं लावतो. थोडीशी बार्नी म्हणजे खालच्या मजल्यावर ऐकू गेलेली.

आमच्या घरी या विद्येला काडीची किंमत नव्हती. अविनाश म्हणायचे, "अगं, इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगला चल आणि नोट्स घे. पुण्याचे आणि नागपूरचे एकत्र आले की तुझी पूर्ण लिस्ट कव्हर होईल." मुलगी मेधा तेव्हा शाळेत होती. आई काय करते असं मैत्रिणींनी विचारलं तर ती "शी वर्क्स विथ बुक्स" एवढंच सांगायची.

एके दिवशी कचेरीत एका वकील बाईंचा फोन आला. मिस डेली. आवाजावरून नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या वाटत होत्या आणि तशाच होत्या. 'बार्नी'चा नेमका अर्थ सांगणारा कुणी तज्ज्ञ आपल्याकडे आहे का, असं त्या विचारत होत्या. हॉलिस साहेब छत्री हातात घेऊन उभे राहिले. आमच्या संस्थेला आजवर कुणीही काहीही विचारलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. वुस्टरच्या तारेच्या कारखान्यात काम करणारा स्टॅन नावाचा एक विधुर भाच्याच्या लग्नासाठी इंग्लंडला नॉटिंगहॅमला गेला होता. तिथे त्याची मॉरीन नावाच्या विधवा बाईशी ओळख झाली. पुढे ती त्याला भेटायला म्हणून अमेरिकेत आली आणि परत जायची वेळ आली तेव्हा दोघांनी लग्न करून टाकलं. दोघंही पन्नाशी उलटलेले. इमिग्रेशनच्या साहेबाला हे लग्न ग्रीन कार्डापुरतं वाटलं. अशा वेळी नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात. पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपतं, टूथब्रश कोणत्या रंगाचा, सगळं जुळलं. मग विचारलं, तुमची भांडणं होतात का?

स्टॅन म्हणाला, "कधीच नाही."

मॉरीन म्हणाली, "अहो, रविवारी थोडीशी बार्नी झाली, त्याआधी भिंतीला लावलेल्या कागदावरून चांगली डिंग-डाँग, आणि आत्ता येताना पार्किंगमध्ये टिफ."

साहेबानं दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली आणि एकाच घरात राहणाऱ्या माणसांची ती वाटत नाहीत असं म्हटलं. दुसऱ्या मुलाखतीत खुलासा झाला नाही तर मॉरीनला देश सोडावा लागणार होता. नॉटिंगहॅममधलं भाड्याचं घर ती सोडून आली होती. परत जायचं तर बहिणीच्या घरी हॉलमधल्या सोफ्यावर.

हॉलिस साहेबांनी स्वतः साक्ष द्यायचं ठरवलं. मिस डेली कचेरीत आल्या तेव्हा त्यांनी 'राउ' या शब्दाच्या व्युत्पत्तीपासून सुरुवात केली. दुपारच्या जेवणापर्यंत व्युत्पत्ती अज्ञात असल्याचं सिद्ध झालं.

"सर," मिस डेली म्हणाल्या, "बार्नी झाली म्हणजे लग्न मोडायला आलंय का, एवढंच मला साहेबाला सांगायचंय."

"त्याबद्दल पुरावा उपलब्ध नाही," हॉलिस म्हणाले.

"ही नोंद लिहिली कुणी?"

हॉलिस साहेबांनी छत्रीच्या टोकानं माझ्याकडे निर्देश केला.

मी त्या जोडप्याला भेटल्याशिवाय काही बोलणार नाही असं सांगितलं. शब्द वापरणारी माणसं समोर असताना चिठ्ठ्यांवर अवलंबून राहायचं नाही, ही आमच्या कामातली शिस्त आहे. मिस डेली मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. स्टॅन आडव्या बांध्याचा, मोजकं बोलणारा. मॉरीन बारीक चणीची, बोलायला लागली की थांबायचं कुठे ते तिला सापडत नसे. तिच्या गावाकडे समोरच्या कुणालाही 'डक', म्हणजे बदक, म्हणतात. लेस्टरमध्ये कसाई मला हेच म्हणायचा, त्यामुळे मला घरी आल्यासारखं वाटलं.

"स्टॅन, तुम्ही कधीच भांडला नाहीत असं का म्हणालात?" मी विचारलं.

"नाही भांडलो."

"मग भिंतीच्या कागदाचं काय?"

"ते बोलणं होतं."

"बघ डक, असा आहे हा," मॉरीन म्हणाली.

स्टॅनच्या मते भांडण म्हणजे ज्यात कुणाला तरी टाके पडतात. त्याच्या लहानपणीच्या गल्लीत त्याहून कमी प्रकाराला नावच नव्हतं. मॉरीनच्या मते दिवसभरात एकदाही खटका उडाला नाही तर घरात कुणीतरी आजारी असतं. मला ते सगळं लख्ख दिसलं. पण साहेबाला ते दाखवायचं कसं? मिस डेली दोघांना बजावत होत्या, "त्या दिवशी प्लीज प्रेमानं वागा. हात हातात धरा. एकमेकांना थँक यू म्हणा. वाद अजिबात नको." मला ते पटलं नव्हतं, पण मी शब्दांची तज्ज्ञ होते, लग्नांची नव्हे, म्हणून गप्प बसले.

मुलाखत बॉस्टनला होती. अविनाश रजा घेऊन गाडी चालवत होते.

"म्हणजे अमेरिकन सरकारपुढे," ते म्हणाले, "ब्रिटिश लोकांच्या भांडणांबद्दल, सदाशिव पेठेतली बाई एक्स्पर्ट म्हणून."

"मग? काय चुकीचं आहे त्यात?"

"चुकीचं काय, यार. मी म्हणतो सरकारनं इतका वेळ का लावला? मी केव्हाच रेकमेंड केली असती."

"डावीकडची लेन घ्या."

"माहितीये मला."

"मागच्या वेळी पण माहीत होतं."

"ही टिफ का?" त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. आपल्याकडे त्याला अबोला म्हणतात. इंग्रजीत त्याला नीट शब्द नाही, आणि एका परीनं ते बरंच आहे.

समारंभाला नेसाल तसं नेसा असं मिस डेलींनी सांगितलं होतं, म्हणून मी मोरपंखी इरकल नेसले होते. इमिग्रेशनचे साहेब, मिस्टर पेरी, चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. हॉलिस साहेबांनी माझ्यासोबत पत्र दिलं होतं. त्यात माझा उल्लेख 'ब्रिटिश कलहविषयक आमच्या संस्थेच्या सर्वोच्च अधिकारी' असा होता.

"आपला जन्म?" पेरींनी विचारलं.

"पुणे. भारत."

"आणि आपण ब्रिटिश बोलीभाषेच्या तज्ज्ञ."

"ब्रिटिश तिथेही होते, सर. तिथेही ते आपापसांत भांडायचे."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. स्टॅन आणि मॉरीन शेजारी शेजारी बसले होते, हातात हात. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलांची जोडी लावतात तसे. साहेबांनी पाणी पुढे केलं तर स्टॅन म्हणाला, "मॉरीन, प्रिये, तू आधी." ती म्हणाली, "आभारी आहे, स्टॅन, प्रिय." तिनं आजवर त्याला प्रिय म्हटलं नव्हतं हे बसल्या जागेवरून कळत होतं. मिस डेली समाधानानं माझ्याकडे बघत होत्या. पेरींच्या चेहऱ्यावरचा संशय मात्र दर घोटाला वाढत चालला होता. इतकं गोड वागणारी माणसं त्यांनी त्या खोलीत रोज बघितली असणार, आणि बहुतेकांना परत पाठवलं असणार.

मी भाजणी सांगितली. टिफ, बार्नी, राउ, डिंग-डाँग. ते लिहून घेत होते.

"पण बार्नी आणि राउमधला फरक कसा ओळखायचा?"

"नंतर काय होतं त्यावरून, सर. बार्नी संपली की कुणीतरी चहाचं आधण ठेवतं. राउ झाला की एक जण आधी बाहेर जातो."

"उदाहरण द्या."

इथे मी खरी कोशकार झाले. उदाहरण मागितलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. वाक्य हातात तयार होतं, त्यांच्याच घरून आणलेलं. मी म्हटलं, "स्वयंपाकघरातल्या भिंतीच्या कागदावरून दोघांचा राउ झाला आणि तो रागानं गॅरेजमध्ये जाऊन बसला."

मग स्टॅन म्हणाला, "बसलो नव्हतो."

मिस डेलींनी त्याच्याकडे डोळे मोठे करून बघितलं.

"मी शिडी आणायला गेलो होतो," स्टॅन म्हणाला.

मॉरीननं हात सोडवून घेतला. "शिडीला एवढा वेळ?"

"शिडीवर सामान होतं."

"सामान होतं म्हणे. रेडिओ लागला होता, डक," हे पेरींना उद्देशून. "बेसबॉल चालू होतं."

"सामान काढताना लागला."

"आपोआप."

"मॉरीन, तू म्हणालीस कागद काढायचा. मी शिडी आणली. कागद काढला. यात भांडण कुठे आलं?"

"मधे जे बोललास ते?"

"काय बोललो?"

"काहीच बोलला नाहीस. तेच तर."

मिस डेली उठून उभ्या राहिल्या. "सर, माझे अशील जरा ताणाखाली आहेत."

"बसा, मिस डेली," पेरी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. "भिंतीच्या त्या कागदावर चित्र कसलं होतं?"

"लिंबं," मॉरीन म्हणाली.

"पेअर," म्हणजे नाशपाती, स्टॅन म्हणाला. दोघं एकाच वेळी.

मिस डेलींनी डोळे मिटले. अशा मुलाखतीत न जुळलेल्या उत्तराची किंमत त्यांना ठाऊक होती, आणि मलाही आता कळली होती. मी दिलेल्या एका उदाहरणानं बाईचं घर हातचं चाललं होतं. कोशात चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. इथे पुढची आवृत्ती नव्हती.

"पिवळी, गोल," मॉरीन म्हणाली. "लिंबंच होती."

"खाली रुंद होती. पेअर."

"पिवळीजर्द पेअर बघितलीयेस कुठे?"

"हेलननं पेअर म्हणून आणली होती," स्टॅन म्हणाला. हेलन त्याची पहिली बायको, वारलेली. तो कागद तिनं लावला होता, हे मला त्यांच्या घरीही कुणी सांगितलं नव्हतं. मॉरीन त्याच्याकडे बघत होती. गॅरेजमध्ये एवढा वेळ का लागला ते तिला त्याच क्षणी कळत होतं असं मला वाटलं.

मग ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढासाही बदलला नाही, "तर मग दुकानदारानं हेलनला फसवलं, डक."

स्टॅन खाली मान घालून बसला होता. त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय असं मला वाटलं, पण तो हसत होता. आवाज न करता, तोंड तळहातात धरून, बराच वेळ. मग मॉरीनही हसायला लागली. "एवढी मोठी भिंत," ती म्हणाली, "आणि लिंबंच लिंबं, आणि हा इतकी वर्षं पेअर समजून जेवतोय." तिनं पर्समधून रुमाल काढून त्याला दिला, न बघता, आणि त्यानंही न बघता घेतला.

पेरी कागदपत्रं चाळत होते. चाळण्यासारखं त्यांत काही उरलं नव्हतं.

"मॅडम," त्यांनी मला विचारलं, "हे आत्ता जे झालं, त्याला तुमच्या यादीत काय म्हणाल?"

मी विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला शब्द विचारला होता आणि उत्तरावर काहीतरी अवलंबून होतं. टिफच्या मानानं ते लांबलं होतं. राउ म्हणावा तर कुणी बाहेर गेलं नव्हतं. "थोडीशी बार्नी, सर," मी म्हटलं.

"आणि याचा अर्थ?"

"दोघांपैकी कुणीही कुठे जाणार नाही, असं दोघांनाही माहीत असलं तरच ही करता येते. पाहुण्याशी बार्नी करता येत नाही."

एवढी चांगली व्याख्या मी कागदावर कधी लिहिली नाही. पुढे कोश निघाला तेव्हा बार्नीची नोंद हॉलिस साहेबांनी तपासली आणि 'किरकोळ वाद, व्युत्पत्ती अज्ञात' एवढ्यावर आणून ठेवली. पुस्तक फारसं कुणी घेतलं नाही. ब्रिटनला जाणाऱ्या अमेरिकन माणसांना भांडायचं नसतं, फोटो काढायचे असतात, हे आमच्यापैकी कुणीतरी आधी ओळखायला हवं होतं.

पेरींनी स्टॅनचा पहिला जबाब फाइलमधून वर काढला. "सर, मागच्या वेळी तुम्ही शपथेवर सांगितलंत की तुमच्यात भांडणं होत नाहीत. ते असंच ठेवून मला पुढे जाता येणार नाही. दुरुस्ती करायची का?"

स्टॅननं बराच विचार केला. तो शपथेला मानणारा माणूस होता.

"लिहा," तो म्हणाला, "ती भांडते. मी हजर असतो."

पेरींनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि मॉरीनकडे वळले. "आपल्याला हे मान्य आहे?"

"मुळीच नाही," मॉरीन म्हणाली. "पण ते तुमच्यासमोर कशाला, डक? घरी गेल्यावर बघते मी त्याच्याकडे."

साहेबांनी शिक्का उचलला.